वैनीचं बोलावणं

१

आमच्या घरात त्या गावाचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'दुकान' म्हणायचं. दादा दुकानाला गेला, दुकानावरनं लोणचं आलं, दुकानावर यंदा पाऊस जास्त झाला. विट्याच्या आसपासच्या गावांत ही रीतच आहे. घरटी एखादा माणूस गलाईच्या धंद्यात असतो. कुठल्यातरी लांबच्या शहरात खोली घ्यायची, भट्टी मांडायची आणि सोनारांकडचं मोडीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, असा तो धंदा. माणूस तिकडं, जमीन इकडं, आणि मधे गाड्या बदलत करायचा प्रवास.

माझा थोरला भाऊ नाथाजी, त्याचं दुकान आंध्रच्या किनाऱ्यावर होतं. घरात बसल्या बसल्या समुद्र ऐकू येतो, असं वैनी सांगायची. मी ते कधी पाहिलं नव्हतं. तरणेपणी मी पलटणीत होतो. एकाहत्तरची लढाई झाल्यावर पेन्शन घेऊन आलो आणि विहिरीखालच्या उसात रमलो. दर उन्हाळ्यात दादा-वैनीच गावी यायचे, त्यामुळं आपण उठून तिकडं जावं असं कधी वाटलं नाही.

वैनी म्हणजे चंद्राबाई. ती लग्न होऊन आली तेव्हा मी अंगणात नागडा फिरत होतो आणि आमची आई नुकतीच गेली होती. नवी नवरी म्हणून तिला कुणी काम सांगेना, तर तिनं मलाच काखेला मारलं, आणि शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही. तिला मूल झालं नाही. लोक त्याबद्दल विचारायचे तेव्हा ती माझ्याकडं बोट करायची.

सत्त्याहत्तर साली दिवाळी झाल्यावर रेडिओवर बातमी आली की तिकडं तुफान झालं आणि समुद्र गावांत शिरला. गेलेल्या माणसांचा आकडा रोज वाढत होता. मी आणि माझी बायको अंजना रेडिओपासून उठत नव्हतो. मग दादाची तार आली. दोघंही सुखरूप. त्या एका शब्दावर आम्ही पुढचे दिवस काढले.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी पहिल्या एस.टी.तून दादा एकटाच उतरला.

त्याला बघून मी जरा चकित झालो. ज्याचं दुकान पाण्याखाली गेलं तो माणूस वाळलेला, दाढी वाढलेला असेल असं मी धरून चाललो होतो. दादा होता तसाच होता, उलट अंगानं थोडा भरलेला. सदरा जुना, पण स्वच्छ. कॉलर झिजली म्हणून उसवून उलटी बसवलेली. घरात लक्ष देणारी बाई असली की माणसाचा सदरा असतो तसा.

वैनी का नाही आली, असं मी विचारलं.

"ती बरी हाय," दादा म्हणाला. "घर टाकून कशी यील? आता कुठं ते घर ताळ्यावर येतंय."

२

चहा झाल्यावर दादानं पिशवीतून एक गाठोडं काढलं आणि अंजनापुढं ठेवलं. वैनीनं तुझ्यासाठी दिलंय म्हणाला.

अंजनानं गाठ सोडली. आत कुंची होती. तान्ह्या बाळाच्या डोक्याला घालतात तसली, हिरव्या खणाची, मागं पाठीवर रुळणारी, आतून पांढऱ्या मऊ कापडाचं अस्तर लावलेली.

अंजनाचे हात तिथंच थांबले. तिला दिवस गेले होते हे तिला आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आधी दोन वेळा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा ते टिकलं नव्हतं. म्हणून या खेपेला तिनं आपल्या आईलासुद्धा कळवलं नव्हतं. पोट अजून दिसत नव्हतं. दवाखान्याची पायरीही ती चढली नव्हती.

"आक्कांना कसं कळलं?" तिनं हळू विचारलं. वैनीला ती आक्का म्हणायची.

"तिला कळतं," दादा हसला. "मला म्हणाली, ह्या बारीला अंजनाला हिकडं घिऊन या. बाळातपण मी करती. माझ्या हाताखाली आली की काय न्हाई व्हायाचं."

मग तो तिथली हकिगत सांगू लागला. आता सगळं सुधारत चाललंय. रस्त्यावरची झाडं उचलली, दिवे आले, विहिरी उपसून त्यात औषध टाकलं. सरकारी लोक घरांवर नवे पत्रे घालून देतात. मोठा दवाखाना तर पुरातही बंद पडला नव्हता, आणि तिथली डॉक्टरीणबाई अडलेल्या बायका सोडवण्यात नावाजलेली. माघ संपायच्या आत दोघंही चला. अंजनाला तिथंच ठेवू, बाळ घेऊन पावसाळ्यात परत या.

दादा आंघोळीला गेल्यावर मी अंजनाला म्हणालो, मागच्या खेपेलाच वैनीनं ही कुंची शिवून ठेवली असेल आणि आता अंदाजानं पाठवली असेल. बायकांना वाटत राहतं. यात नवल काय?

अंजनानं कुंची उलटी करून मला शिवण दाखवली. वैनी डावरी होती. तिचे टाके नेहमी उलट्या अंगाला कलायचे. गावातल्या बायका तिला त्यावरून चिडवायच्या. हे टाके तसेच होते. शिवण तिचीच होती, त्यात शंका नव्हती. अस्तराच्या कडेला निळ्या शाईचा एक अर्धवट शिक्का मुडपून आत गेला होता. अक्षरं तेलगू होती. तिकडचं कापड, तिकडचा शिक्का. मी त्यावर जास्त विचार केला नाही.

३

दादा आमच्याकडं राहिला तो पंधरवडा घर कसं भरल्यासारखं वाटलं. सकाळी तो माझ्याबरोबर मळ्यात यायचा, पाणी वळवायचा, दुपारी सोप्यात बसून अंजनाला शेंगा फोडून द्यायचा. बोलणं सगळं वैनीचं. भट्टीपाशी बसून बसून कंबर धरली तर तिनं कशी दटावली. नवीन पत्रा घालायला आलेल्या माणसांना हातवारे करून तिनं कसं कामाला लावलं. इतक्या वर्षांत तिला तेलगू आलंच नाही, आणि तिकडच्या बायकांना हिची मराठी येऊ लागली.

यातली पुष्कळशी हकिगत जुनी होती, मी आधीही ऐकलेली. पण अधूनमधून एखादं वाक्य नवं यायचं.

आता ती जास्त बोलत नाही, असं तो एकदा म्हणाला. मागच्या खोलीतच असते. बाहेरचा उजेड तिला सोसत नाही.

आजारी आहे का, असं मी विचारलं.

"न्हाई रं. कामात असती."

तुफानाबद्दल तो आपणहून काहीच बोलत नव्हता. एका दुपारी मीच विषय काढला. पाणी आलं तेव्हा मी माळ्यावर होतो, असं तो म्हणाला. वैनी खाली होती. एवढं सांगून त्यानं शेंग फोडली, दाणे अंजनाच्या ताटलीत टाकले, आणि बराच वेळ टरफलाकडं बघत राहिला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पाणी उतरल्यावर मी खाली आलो. ती सैपाकघरात हुती."

हे तो इतक्या साधेपणानं बोलला की मला पुढं विचारता आलं नाही. पण अंजनाच्या हातातला दाणा तिच्या हातातच राहिला. मी तिच्याकडं पाहिलं आणि तिनं नजर खाली घातली.

४

कडेगावचा आकाराम त्याच गावात, दादाच्या पलीकडच्या गल्लीत दुकान चालवायचा. तो परत आलाय आणि इथं आल्यावर पाय मोडून घरी पडलाय, असं मला बाजारात कळलं. दादाला न सांगता मी त्याला भेटायला गेलो. का सांगितलं नाही, ते माझं मलाही नीट सांगता आलं नसतं.

आकाराम पडवीत बाजेवर पडून होता. मला पाहिल्यावर त्यानं रडायलाच सुरुवात केली. मी म्हणालो, अरे जीव वाचला ना, दुकान पुन्हा उभं राहील.

"दुकानाचं न्हाई," तो म्हणाला. "तुमी सगळं कळून आलायसा असं मला वाटलं."

मग त्यानं सांगितलं. वारा सुटला तेव्हा तो दादाच्या घरी होता. पाणी गल्लीतून आलं नाही, एकदम भिंतीसारखं येताना दिसलं. तिघंही माळ्यावर चढले. त्या घराच्या मागं कोळ्यांची वस्ती होती. मागच्या दाराशी तिथली लेकरं रडत होती, दार बडवत होती. वैनी दादाच्या हाताला हिसडा देऊन खाली उतरली. तिनं दाराची कडी काढल्याचा आवाज आकारामनं ऐकला. त्यानंतर खाली फक्त पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या बांधावर तिचं प्रेत मिळालं. आकारामनंच ओळख पटवली, आणि तिथं एकत्र चिता लावत होते त्यात तिला अग्नी दिला. दादाला त्यानं हाताला धरून न्यायचा प्रयत्न केला होता. दादा घरातून हललाच नाही. ती तर आत आहे, असं म्हणाला. गावी कुणाला काही सांगू नकोस, उगाच घाबरतील, असंही म्हणाला.

"चेहरा बघितलास तू?" मी विचारलं.

आकारामनं पायावरचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. लुगडं आणि बांगड्या बघितल्या.

मी त्याला पटवू लागलो. लुगडी सारखी असतात, बांगड्या सारख्या असतात, हजारो माणसं गेली त्यात चूक होऊ शकते. मी पलटणीत प्रेतं पाहिली होती, आणि ओळख पटवताना माणसं किती चुकतात तेही पाहिलं होतं. आकारामही म्हणाला, व्हय, चूक असंल तर देव पावला.

मी निघालो तेव्हा त्यानं डोळे पुसायला उशाचा पंचा घेतला. पंच्याच्या कडेला निळा शिक्का होता. तीच तेलगू अक्षरं. हे काय आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, पूर ओसरल्यावर सरकारनं कपडे वाटले, त्या सगळ्यांवर हा छाप आहे. त्या आधी असलं कापड गावात नव्हतं.

५

घरी आल्यावर मी अंजनाला गोठ्यात बोलावून सगळं सांगितलं. ती खांबाला टेकून बराच वेळ रडली. मग डोळे पुसून आत गेली, कुंची घेऊन आली आणि अस्तराची मुडपलेली कड उसवून पूर्ण शिक्का उघडा केला. आकारामच्या पंच्यावरचाच शिक्का होता तो.

म्हणजे ही कुंची पुरानंतर शिवलेली होती. आता दोनच गोष्टी खऱ्या असू शकत होत्या. एक तर आकाराम चुकला होता आणि वैनी जिवंत होती. नाहीतर दादाचं डोकं फिरलं होतं आणि त्यानंच कुणाकडून तरी हे शिवून घेतलं होतं. पण दादाला अंजनाची बातमी कुठून कळली? आणि उलट्या टाक्यांची बाई त्याला कुठं मिळाली? एकेक गोष्ट मी धरू पाहत होतो आणि ती हातातून निसटत होती.

मी म्हणालो, काही झालं तरी तुला तिकडं न्यायचं नाही. तिथं रोगराई असेल, पाणी वाईट असेल. मी एकटा जातो आणि दादाला समजावून कायमचा परत आणतो.

अंजनानं कुंची घडी करून पदराखाली घेतली. पण त्या दिवसापासून ती मला वेगळीच वाटू लागली. भांडी घासता घासता थांबायची आणि कुणाचं तरी ऐकतेय अशी मान कलती करायची. एका दुपारी मी मळ्यातून आलो तर तिनं ट्रंकेत आपली दोन लुगडी घडी करून ठेवली होती. कुंची त्यांच्यावर.

"आवं, मला जावंसं वाटतंय," ती म्हणाली. "मागल्या दोन्ही बारीला माझ्या डोक्यावर हात ठिवायला कुणी न्हवतं. आक्का असत्या तर टिकलं असतं, असं माझ्या मनानं घेतलंय."

"आक्का हाईत का न्हाईत हेच ठावं न्हाई, अंजना."

"न्हाई जरी असल्या, तरी त्या माझं वंगाळ करतील का?"

ज्या बाईनं मला काखेतून खाली ठेवलं नाही ती कुणाचं वाईट करणार नाही, हे मला माझ्या श्वासाइतकं ठाऊक होतं. आणि मला भीती वाटत होती ती नेमकी त्याचीच. तिच्या मायेला नाही म्हणणं मला जन्मात कधी जमलं नव्हतं.

शेवटी आमचं ठरलं. मी आधी जाऊन येतो. वैनी जिवंत असली, धड असली, तर अंजनाला घेऊन जायचं. नसली, तर विषय संपला. अंजनानं माझ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की जे काही असेल ते मी वैनीच्या तोंडावर सांगावं, मागच्या मागं पळून येऊ नये.

दादाला मी एकटाच येणार म्हणून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा लहान पोरासारखा पडला. ती वाट बघतेय रे, असं म्हणाला. मग त्यानं वैनीसाठी जोंधळ्याचं पीठ मागितलं. अंजनानं डबा भरला, त्यानं पोतं मागितलं. दोघांना एवढं पीठ कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "लागतं तिला."

६

मिरजेहून निघालो ते गाड्या बदलत, डब्यातल्या माणसांची भाषाही बदलत, आम्ही त्या मुलखात पोचलो. शेवटचा टप्पा बसचा होता. खिडकीतून दिसणारी माडाची झाडं शेंड्याविना उभी होती. शेतं पांढरी पडली होती. मला आधी वाटलं रेती आहे, मग लक्षात आलं की मीठ आहे.

पण गाव मात्र खरंच सावरत होतं. नवे पत्रे उन्हात चमकत होते. बाजारात भाजी होती, शाळेत पोरं होती, न्हावी दाढ्या करत होता. सगळ्या घरांच्या भिंतींवर एकाच उंचीला चिखलाची रेघ होती, आणि माणसं त्या रेघेखाली बसून आपापली कामं करत होती. दादाला बघून लोक आदरानं हात जोडत होते. पण त्याच्याशी बोलायला कुणी थांबत नव्हतं. समोरच्या दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि दादाच्या घराकडं एक नजर टाकून आत गेला.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढं दुकान, तिथं भट्टी आणि बसायची पाटाएवढी जागा. मागं स्वयंपाकघर. मधल्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. मी तो किनारीवरून ओळखला. मी पलटणीतून पहिल्यांदा सुटीवर आलो तेव्हा बेळगावातून वैनीला आणलेलं लुगडं होतं ते.

दुपारची वेळ होती. दादानं पिठाचं पोतं पडद्याच्या आत सरकवलं आणि सहज आवाजात म्हणाला, "मान्या आलाय गं."

आतून बांगड्या वाजल्या.

७

मी भट्टीजवळ बसलो. दादानं दुकानाचं दार उघडलं, हत्यारं पुसायला घेतली. आणि थोड्या वेळानं आत भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला.

तो आवाज मी हजार बायकांत ओळखला असता. लहानपणी त्याच आवाजानं मी जागा होत असे. मला एकदम मोकळं वाटलं. आकाराम चुकला, वैनी जिवंत आहे, आणि आपण वेड्यासारखे घाबरलो. उठून पडदा बाजूला करायचा आणि तिच्या पाया पडायचं, एवढंच राहिलं होतं.

पण मी उठलो नाही, कारण तो आवाज थांबत नव्हता. एक भाकरी झाली, दुसरी झाली, आणि होतच राहिल्या. दोन माणसांच्या घरात इतक्या भाकरी कुणी थापत नाही. आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. गुरुजी वर्गात यायच्या आधी वर्ग कुजबुजतो तसा. कधी एखादं बारीक हसू. कधी कुणीतरी कुणाला ढकलल्यासारखं, आणि बांगड्यांच्या आवाजानं दटावल्यासारखं.

मागं शाळा आहे का, असं मी दादाला विचारलं. तो मान हलवून नाही म्हणाला.

मी बाहेर पडलो आणि घराला वळसा घालून मागं गेलो. मागं काहीच नव्हतं. कोळ्यांची वस्ती जिथं असेल तिथं मोकळं मैदान, त्यात काही तुटके वासे उभे, आणि त्यापलीकडं ऊन पडलेला समुद्र. स्वयंपाकघराचं मागचं दार बाहेरून फळ्या ठोकून बंद केलेलं होतं. मी फळीला कान लावला. आत काहीही ऐकू येत नव्हतं. धुराडं थंड होतं. तापल्या तव्याचा, धुराचा कसलाही वास नव्हता.

परत पुढच्या खोलीत आलो तर थापण्याचा आवाज चालू होता.

अजूनही माझं डोकं कारणं शोधत होतं. शेजारच्या घरातला आवाज भिंतीतून येत असेल. प्रवासाचा थकवा असेल. पण मला अंजनाला दिलेला शब्द आठवत होता. मी पडद्यासमोर उभा राहिलो. दादानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"वैनी," मी म्हणालो, "तुला नाही म्हणायला जीभ वळत न्हाई. पण अंजनाला मी हितं आणणार न्हाई. तिचं पोर मला तिकडं पायजे."

आतला सगळा आवाज थांबला. थापणं थांबलं, कुजबुज थांबली. मला समुद्रसुद्धा ऐकू येईना. पडद्याच्या खालून पाणी आलं, अगदी पातळ, आणि माझ्या अंगठ्यापाशी येऊन थांबलं.

मग बांगड्या वाजल्या आणि पडद्याखालून एक ताटली बाहेर सरकली. भाकरी, चटणी, कांदा. भाकरीतून वाफ येत होती.

"जेव," वैनीचा आवाज आला. तोच, थोडा घोगरा. "तिला तिच्या आयकडं ठिव, मान्या. मी बोलावली खरी, पण हितं आता जागा न्हाई."

मी खाली वाकून ताटली घेतली. त्याच वेळी दुकानाच्या उघड्या दारातून समुद्राकडचा वारा आला आणि पडदा हातभर उचलला गेला.

मला तिचा चेहरा दिसला नाही. तिचा डावा हात दिसला. त्या हातानं ती भाकरीचे तुकडे करत होती. आणि त्या हाताभोवती चारी बाजूंनी लहान लहान तळहात पुढं आले होते. फार वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी होते तसे पांढरे, सुरकुतलेले. कुणी हिसकावत नव्हतं. सगळे आपला तुकडा मिळायची वाट बघत होते.

पडदा खाली आला. आत पुन्हा कुजबुज सुरू झाली.

मी भिंतीला टेकून बसलो आणि जेवलो. वैनीनं वाढलेलं मी आजवर टाकलं नव्हतं. चटणीला तिच्याच हाताची चव होती, फक्त मीठ किंचित जास्त होतं. जेवताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते भीतीचं होतं की कशाचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

८

संध्याकाळच्या बसला दादा मला सोडायला आला. मी त्याला हात जोडून म्हणालो, माझ्याबरोबर चल. मळा आहे, घर आहे, आम्ही आहोत. इथं राहून काय करणार?

त्यानं माझी पिशवी बसमध्ये चढवली, खिडकीशी आला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. लहानपणी फिरवायचा तसा.

"तसं सोडून कसं येऊ रं?" तो म्हणाला. "येवढ्या लेकरांचं तिला एकटीला व्हईल का?"

बस सुटेपर्यंत तो उभा होता. मग घाईघाईनं वळला आणि घराकडं निघाला, घरी कामं खोळंबलेला माणूस चालतो तसा. त्यानंतर तो गावी आला नाही. विट्याकडची माणसं तिकडं जात, ती सांगत की नाथाजी बरा आहे, धंदा चालू आहे, पीठ तेवढं लय नेतो.

आषाढात आम्हाला मुलगी झाली. अंजनाच्या माहेरी, तिच्या आईच्या हाताखाली. पोर टिकलं, धडधाकट निघालं. पण ते नंतरचं झालं. मी दुकानावरून परत आलो त्या दुपारी अंजना दारात उभी होती. तिनं मला आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि समोर बसली. ट्रंक तिनं तशीच भरून ठेवली होती.

जायचं नाही, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. आक्का रागावल्या का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही. जेवू घातलं मला.

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या तोंडावर काय दिसत होतं देव जाणे, पण तिनं वैनी आहे की नाही हे विचारलंच नाही. पदरानं ओठ दाबत म्हणाली, "थोरलं दादा भट्टीपाशी असत्यात. मागं त्या दिसभर एकट्याच का वो?"

"न्हाई," मी म्हणालो. "एकटी न्हाई ती."